बाराशेंचा आकडा

१९७१ च्या मार्चमध्ये ‘लेडीज होम जर्नल’चा अंक नेहमीप्रमाणे अमेरिकेतल्या लाखो घरांत पोचला. स्वयंपाक, मुलंबाळं, घराची सजावट यासाठी बायका हे मासिक घ्यायच्या. या अंकात राल्फ नेडर यांचा लेख होता. मोटारींच्या सदोष बांधणीवर १९६५ साली पुस्तक लिहून ज्यांनी बड्या कारखानदारांना घाम फोडला होता, तेच हे नेडर. या वेळी त्यांचा रोख इस्पितळांवर होता. साधी तपासणी किंवा नेहमीचे उपचार चालू असताना दर वर्षी किमान १,२०० अमेरिकी रुग्ण विजेच्या धक्क्याने मरतात, असं त्यांनी लिहिलं. खरी संख्या याच्या दहापट असावी असं मानणारे जाणकारही आहेत, अशी पुस्ती वर जोडली.

ज्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, त्या घरातल्या बाईने हा मजकूर कसा वाचला असेल!

आकडा नेडर यांचा स्वतःचा नव्हता. तो आला होता डॉ. कार्ल वॉल्टर यांच्याकडून. वॉल्टर हे हार्वर्डचे सर्जन, बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळातले. रक्त काचेच्या बाटलीऐवजी प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवण्याची सोय आज जगभर आहे, तिच्या जनकांपैकी ते एक. निर्जंतुकीकरणात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. असा माणूस बोलला म्हणून आकड्याला वजन आलं. पण पुढे कितीही शोधलं तरी त्या आकड्याला आधार देईल असा पुरावा कुणाच्या हाती लागला नाही.

या प्रकरणाने मला धरून ठेवलं ते इथेच. आकडा टिकला नाही, पण त्याच्या धास्तीतून इस्पितळात एक नवं काम उभं राहिलं, आणि ते काम खरं होतं. हे कसं झालं ते समजायला आधी विजेची वायर माणसाच्या हृदयापर्यंत कशी पोचली हे बघावं लागतं.

विजेने माणूस नेमका कशाने मरतो, याचा उलगडा व्हायला एकोणिसावं शतक संपत आलं. १८९९ मध्ये जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. थोडक्या करंटने हृदयाची लय विस्कटते, स्नायूचे धागे एकत्र आकुंचन पावायचं सोडून आपापले थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकललं जात नाही, असं त्यांना दिसलं. डॉक्टर या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. मोठा झटका दिला तर हीच थरथर थांबते, हेही त्यांनीच दाखवलं.

पुढचा मोठा टप्पा वीज कंपन्यांच्या पैशाने गाठला गेला. लाइनमन कामावर असताना शॉक लागून मरत होते, म्हणून कंपन्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधन सुरू करवलं. तिथे विल्यम कौवेनहोवेन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षं या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. ते डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. झटका द्यायची पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबून धरली की वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांच्या चमूतल्या गाय निकरबॉकर या तरुणाच्या नजरेला पडलं. त्यातून १९६० साली छाती दाबून हृदय चालतं ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आज शाळा-कॉलेजात शिकवतात ते सीपीआर हेच. लाइनमनच्या मृत्यूचं कारण शोधता शोधता हे हाती लागलं.

त्याच सुमारास बर्कलीत चार्ल्स डॅलझील हे प्राध्यापक वेगळाच प्रश्न घेऊन बसले होते. हातातली तार सुटत नाही, असं किती करंटला होतं? त्यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांच्या हाती तार दिली आणि करंट हळूहळू वाढवत नेला. पुरुषांची मूठ सरासरी १६ मिलिअँपिअरला आवळली गेली, स्त्रियांची साडेदहाला. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. साधारण एक मिलिअँपिअरला झिणझिण्या कळतात, दहा-सोळाला तार सुटत नाही, आणि हातातून शिरून छातीतून जाणारा करंट शंभरच्या घरात गेला की हृदय थरथरू लागतं, हा हिशेब तेव्हापासून पक्का झाला. करंट कुठेतरी गळतोय हे ओळखून क्षणात वीज तोडणारा स्विचही पुढे डॅलझील यांनीच १९६१ मध्ये बनवला. आपल्या घरच्या मीटरबोर्डात आरसीसीबी असतो, तो याच जातकुळीतला.

हा सगळा हिशेब धडधाकट माणसाच्या कातडीबाहेरचा होता. कोरडी कातडी विजेला चांगला विरोध करते. इस्पितळात नेमका तो विरोध बाजूला सारायचं काम तेव्हा सुरू झालं होतं.

मिनियापोलिसमध्ये वॉल्टन लिलेहाय हे सर्जन लहान मुलांच्या हृदयातली भोकं शिवत होते. शिवताना कधी हृदयाचे ठोके चालवणाऱ्या आतल्या मार्गाला इजा व्हायची आणि ठोके मंद पडायचे. मग हृदयाच्या स्नायूत बारीक तार अडकवून ती छातीबाहेर काढायची आणि पेसमेकरला जोडायची. तो पेसमेकर चाकांच्या गाड्यावर असायचा आणि भिंतीतल्या विजेवर चालायचा. मूल वऱ्हांड्यात चार पावलं चालायला निघालं की मागे गाडा आणि गाड्यामागे एक्स्टेन्शनची वायर. वायर जिथे संपेल तिथे चालणं संपलं. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या शहरातली वीज काही तास गेली. इस्पितळात जनरेटरची सोय ऑपरेशन थिएटर आणि रिकव्हरी रूमपुरती होती, रुग्णांच्या खोल्यांना नव्हती. त्यानंतर लिलेहाय यांनी इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना बोलावलं. बाकेन यांचं दुकान एका गॅरेजमध्ये होतं. गवयाला ताल धरून देणाऱ्या मेट्रोनोमचं सर्किट त्यांनी हौशी लोकांच्या एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात पाहिलं होतं. त्यावरून महिन्याभरात त्यांनी बॅटरीवर चालणारा, हातात मावेल एवढा पेसमेकर बनवला.

दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे इस्पितळात सेमोर फर्मन यांनी छाती न उघडता शिरेतून तार हृदयात सरकवली. आता हृदयात तार असलेला रुग्ण साध्या कॉटवर, साध्या वॉर्डात असणार होता. १९६० च्या दशकात अतिदक्षता विभाग वाढत गेले. हृदयातला रक्तदाब मोजायला सलाईन भरलेल्या नळ्या आत जाऊ लागल्या. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, आणि मिठाच्या पाण्यातून वीज जाते.

ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच दशकात कुत्र्यांच्या हृदयात अशी नळी घालून मोजमाप केलं. थेट हृदयाच्या आत २० मायक्रोअँपिअर एवढा करंटही फिब्रिलेशन सुरू करायला पुरला. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. अमेरिकेच्या १२० व्होल्टच्या विजेवर साठ वॉटचा दिवा लावला की त्यातून अर्धा अँपिअर वाहतो. त्याचा पंचवीस हजारावा हिस्सा म्हणजे हे २० मायक्रोअँपिअर. एवढा करंट बोटाला जाणवतही नाही. कॉटशेजारी उभी असलेली नर्स एका हाताने मॉनिटरला आणि दुसऱ्या हाताने पेसमेकरच्या उघड्या तारेला स्पर्श करते, तिला काहीच होत नाही, आणि तिच्या अंगातून गेलेल्या करंटने रुग्णाच्या हृदयाची लय तुटू शकते. याला नाव पडलं मायक्रोशॉक.

हा करंट येतो कुठून? यंत्र बिघडलेलंच असायला हवं असं नाही. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात आतल्या फेजच्या वायरीतून बाहेरच्या पत्र्याकडे थोडा करंट पाझरतोच. वायर आणि पत्रा एकमेकांना न चिकटताही हे होतं. यालाच लीकेज म्हणतात. एखाद्या मॉनिटरचं लीकेज १०० मायक्रोअँपिअर आहे असं धरू. अर्थिंगच्या वायरीचा विरोध एक ओहम आणि नळीतून हृदयात शिरणाऱ्या वाटेचा ५०० ओहम. वीज दोन्ही वाटांनी जाते, पण सोपी वाट जास्त घेते. म्हणून अर्थिंग शाबूत असेल तर शंभरातले जेमतेम ०.२ मायक्रोअँपिअर रुग्णाकडे जातात. अर्थची वायर तुटली की शंभरच्या शंभर रुग्णाकडे. यंत्र मात्र तसंच चालतं, पडद्यावरची रेघ तशीच हलते, कुणाला काही कळत नाही.

आपल्याकडचा थ्री-पिन प्लग हातात घेऊन बघा. वरची एकटी पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सगळ्यांत आधी लागावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकून फेजच्या भोकात शिरू नये. ती अर्थची पिन. अमेरिकेतल्या जुन्या इस्पितळांत भिंतीला दोनच भोकांचे सॉकेट होते. नव्या यंत्राचा तीन पिनांचा प्लग त्यात बसेना, तेव्हा कुणी मध्ये टू-पिनचा अ‍ॅडॉप्टर लावे, कुणी सरळ तिसरी पिन कापून टाके. यंत्र चालू झालं म्हणजे काम झालं, अशी समजूत तिथेही होती.

त्याहून अवघड होती दोन अर्थची गोष्ट. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आजही हे उदाहरण शिकतात. रुग्णाच्या उजव्या पायाला ईसीजीची पट्टी आहे, आणि त्या काळच्या ईसीजी यंत्रात उजवा पाय थेट अर्थला जोडलेला असे. हृदयात नळी आहे, ती रक्तदाबाच्या यंत्राला जोडलेली. ते यंत्रही अर्थला जोडलेलं, पण दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटमधून. एवढ्यात शेजारच्या खोलीत सफाईवाला व्हॅक्यूम क्लीनर लावतो. क्लीनरची मोटर सर्दावलेली आहे, तिचा करंट अर्थच्या वायरीत गळतो. त्या एका वायरीवरची पातळी दुसरीपेक्षा किंचित वर जाते. ५०० ओहमच्या वाटेने २० मायक्रोअँपिअर जायला किती व्होल्ट लागतात? १० मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा शंभरावा भाग. सफाईवाला रुग्णाच्या खोलीत गेलेला नाही, कुणी कशाला हात लावलेला नाही, सगळ्या यंत्रांना अर्थिंग आहे, आणि तरीही वाट तयार झाली आहे.

हे सगळं शास्त्र खरं होतं. प्रश्न होता तो एवढाच की हे प्रत्यक्षात किती वेळा घडतं. इथे पुरावा हाती लागणं फार कठीण. जोरदार शॉकने मेलेल्या माणसाच्या अंगावर भाजल्याची खूण असू शकते. मायक्रोशॉक कुठलीही खूण ठेवत नाही. फिब्रिलेशनने गेलेलं हृदय शवविच्छेदनात विजेची साक्ष देत नाही. रुग्ण मुळातच हृदयाचा, अत्यवस्थ. तो गेला तर डॉक्टर आजाराला दोष देणार. म्हणून बाराशेंचा आकडा सिद्ध करता येईना आणि छातीठोकपणे खोडताही येईना. अशा जागी भीतीला मोकळं रान मिळतं, आणि १९७१ नंतर तिला ते मिळालं.

इस्पितळांचे संचालक खडबडून जागे झाले. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावेत असा आग्रह सुरू झाला. ही जुनी व्यवस्था होती. ईथर आणि सायक्लोप्रोपेनसारखी भुलीची औषधं ठिणगीने पेट घेत, थिएटरात स्फोट होत. ठिणगी टळावी म्हणून तिथली वीज अर्थशी संबंध नसलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून दिली जाई आणि फरशीही विजेला वाट देणारी असे. १९५६ मध्ये हॅलोथेन हे न पेटणारं भुलीचं औषध आलं आणि स्फोटांचं भय हळूहळू ओसरलं. आता तीच महागडी व्यवस्था मायक्रोशॉकच्या नावाने अतिदक्षता विभागांतही घालायची का, यावरून वर्षानुवर्षं वाद झाला. एका बाजूला वॉल्टर यांच्यासारखे कळकळीचे लोक. दुसऱ्या बाजूला असे इंजिनिअर आणि भूलतज्ज्ञ, ज्यांचं म्हणणं होतं की हा पैसा भिंतीत गाडण्यापेक्षा यंत्र नीट बनवा, रुग्णाला जोडलेला भाग विजेपासून वेगळा काढा आणि तपासायला माणूस ठेवा. माझ्या मते हे दुसरे लोक बरोबर होते, आणि काळानेही त्यांनाच कौल दिला. पुढे यंत्रांची अंतर्रचना बदलली. १९७७ मध्ये वैद्यकीय विद्युत यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक निघालं. हृदयाशी थेट जोडायच्या भागाला त्यात ‘सीएफ’ हा दर्जा मिळाला. सगळं ठीक चालू असताना या भागातून रुग्णाकडे १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त लीकेज जाता कामा नये. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर केबल घुसते त्या जागेशेजारी चौकटीत छोटं हृदय काढलेलं दिसतं, ती या दर्जाची खूण.

आणि माणूस ठेवला गेला. १९७१ पूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक इस्पितळांत यंत्र बिघडलं की कंपनीचा माणूस यायचा, नाहीतर बॉयलर आणि लिफ्ट बघणारा वायरमनच तेही बघायचा. नवं यंत्र खोक्यातून निघून थेट रुग्णाच्या उशाशी जायचं. नेडर यांच्या लेखानंतर काही वर्षांतच मान्यता देणाऱ्या संस्थांनी विद्युत तपासणी सक्तीची केली. मग लीकेज मोजायचा मीटर घेऊन वॉर्डावॉर्डांत फिरणारे तंत्रज्ञ दिसू लागले. केलॉग फाउंडेशनने छोट्या इस्पितळांना मिळून असा विभाग चालवायला पैसे दिले. आपल्या इस्पितळांतही ज्यांना सगळे ‘बायोमेडिकलवाले’ म्हणतात, त्यांच्या पेशाची पाळंमुळं या काळात आहेत. हे लोक लीकेज शोधायला निघाले आणि त्यांना भलतंच सापडत गेलं. कुठे हृदयाला झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरची बॅटरी मेलेली, कुठे झिजलेल्या केबली, कुठे प्लगच्या आत सुटलेले स्क्रू, कुठे चुकीचा आकडा दाखवणारं यंत्र. रुग्णांचा जीव यात जास्त अडकला होता.

विजेने इस्पितळात झालेल्या ज्या मृत्यूंचा पुरावा आहे, ते बघितले तर मन सुन्न होतं. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेत काही लहान मुलं अशी दगावली. मुलाच्या छातीला मॉनिटरच्या तारा चिकटवलेल्या. तारांच्या दुसऱ्या टोकाला उघडी धातूची पिन. ही पिन मॉनिटरच्या केबलमध्ये खोचायची, आणि ती नेमकी यंत्राला वीज देणाऱ्या कॉर्डच्या भोकातही बसायची. घाईत, अर्धवट अंधारात, कॉटखाली लोंबणाऱ्या वायरींत एक हात चुकला आणि १२० व्होल्ट थेट बाळाच्या छातीत. इथे मायक्रोअँपिअरची गोष्टच नव्हती. १९९३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व इस्पितळांना इशारा दिला आणि १९९७ मध्ये उघड्या पिनेच्या तारांवर बंदीचा नियम केला. तेव्हापासून पिन प्लॅस्टिकच्या आवरणात आत दडलेली असते, विजेच्या भोकात ती जाऊच शकत नाही. हा उपाय १९७१ मध्येही करता आला असता. त्या वेळी सगळ्यांची नजर न दिसणाऱ्या करंटवर होती.

महाराष्ट्रात हे वाचताना भंडारा आठवल्याशिवाय राहत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान अकरा जण गेले. त्या आगी होत्या, शॉक नव्हते. पण वॉर्मर, व्हेंटिलेटर, एसी असा चोवीस तासांचा भार वाहणाऱ्या खोलीतली वायरिंग आणि यंत्रं कोण, कधी, कशाने तपासतं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. भंडाऱ्यानंतर ‘फायर ऑडिट’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. यंत्राच्या तपासणीचा कागद मात्र अजून रुग्णाचे नातेवाईक मागत नाहीत. तो मागायचा असतो हेच त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून इस्पितळात काम करणाऱ्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारे नातलग, सगळ्यांना एक विनंती. कॉटच्या लोखंडाला किंवा यंत्राच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या, तर ‘थोडा करंट मारतो, पण चालतंय’ म्हणून सोडून देऊ नका. अर्थची पिन तुटलेला प्लग काड्या खुपसून बसवू नका. एका एक्स्टेन्शन बोर्डावर पंप, मॉनिटर आणि मोबाइलचा चार्जर लटकलेला दिसला तर बोला. करंट मारणारं यंत्र रुग्णाला जोडलेलं असेल तर सिस्टरना सांगून रुग्णाला आधी दुसऱ्या यंत्रावर घ्या, मग पहिल्याचा प्लग काढा, त्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि बायोमेडिकलच्या माणसाला त्याच पाळीत बोलवा.